पहिल्यांदा रक्त दिलेल्यांना दुसऱ्यांदा कसं आणायचं?

कृष्णाकाठ

मंडळी, मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि तिथल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. दरवर्षी आमच्याकडे रक्तदान शिबिर होतं, रांग लागते, पेपरात फोटो येतो. रांगेतले बहुतेक जण नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं असतात, आयुष्यात पहिल्यांदा रक्त देणारी. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच रांग, पण चेहरे सगळे नवे. आदल्या वर्षीचे कुठे गेले? रस्त्यात भेटले की विचारते. उत्तर ठरलेलं: "मॅडम, देणारच होतो, पण परत कुणी बोलावलंच नाही."

मला हे फार लागतं. नवीन माणूस पहिल्यांदा टेबलावर आणायला किती खटाटोप करावा लागतो, ते शिबिरं घेणाऱ्यांना माहीत आहे. भीती घालवायची, घरच्यांची समजूत काढायची, "अशक्तपणा येतो" हा आजीचा आक्षेप खोडायचा. एवढं करून तो माणूस एकदा येतो आणि आपण त्याला प्रमाणपत्र देऊन सोडून देतो.

शिवाय नियमित दाता हा रुग्णाच्या दृष्टीनं जास्त सुरक्षित. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, मलेरिया आणि सिफिलिससाठी तपासणी होतेच. पण संसर्ग झाल्यानंतर सुरुवातीचा काही काळ असा असतो की चाचणीत तो दिसत नाही. जो वर्षानुवर्षं देतो, दर वेळी तपासला जातो आणि स्वतःच्या मनानं येतो, त्याच्या बाबतीत हा धोका सगळ्यात कमी. नातेवाइकासाठी ऐनवेळी धरून आणलेला माणूस आजार लपवूही शकतो, कारण "नाही" म्हणायची त्याला चोरी असते.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी जे नियमित देतात, ते दुसऱ्यांदा कशामुळे गेले? आणि जे एकदाच देऊन थांबले, ते का थांबले? दोन्ही बाजूंनी मोकळेपणानं लिहा. पुढच्या शिबिराआधी मला काहीतरी नक्की ठरवायचं आहे.

---

पेढीवाला

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, केस पांढरे झाले या कामात.

आमच्या बाजूनं चित्र कसं दिसतं ते सांगतो. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या येतात. पिशवीतल्या रक्ताचे घटक वेगळे करून ठेवतात. लाल पेशी टिकतात ३५ दिवस, विशिष्ट द्रावणात ठेवल्या तर ४२. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, फक्त ५ दिवस, त्याही २० ते २४ अंशांवर सतत हलत्या यंत्रात ठेवून. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठवला तर वर्षभर टिकतो. आता सांगा, एका रविवारी आलेल्या एवढ्या प्लेटलेट्सचं पुढच्या शनिवारी काय करायचं? आणि महिनाभरानं डेंगीची लाट आली की त्याच गावात प्लेटलेट्ससाठी पळापळ. मे महिना तर विचारूच नका. कॉलेजं बंद, माणसं गावाला, ऊन मरणाचं. दिवाळीतही तेच.

त्यामुळे माझं म्हणणं, शंभर जणांनी एकदा देण्यापेक्षा पंचवीस जणांनी वर्षातून चार वेळा दिलेलं पेढीला कितीतरी उपयोगाचं. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रियांना १२० दिवसांचं. म्हणजे पुरुष वर्षाला चार वेळा देऊ शकतो, स्त्री तीन वेळा.

आणि एक. पहिल्यांदा आलेल्याशी टेबलावर कोण कसं बोलतं, त्यावर तो परत येणार की नाही हे बरंचसं ठरतं. सुई टोचताना मोबाइलवर बोलणारा कर्मचारी मी सहन करत नाही.

---

पाऊसवेडी

मी थांबलेल्यांपैकी. म्हणून लिहिते.

एकोणीस वर्षांची असताना कॉलेजात रक्त दिलं. सकाळी लेक्चर होतं म्हणून नुसता चहा घेऊन गेले होते. रक्त देऊन झालं, उठले आणि दोन पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर आले तेव्हा भोवती पोरांचा घोळका, कुणीतरी हसत होतं, एकानं व्हिडिओ काढलेला. आयोजकांपैकी एक जण म्हणाला, "झेपत नाही तर येता कशाला?" त्यानंतर कित्येक वर्षं झाली, शिबिराचा फलक दिसला तरी मी दुसऱ्या फुटपाथनं जाते.

रक्त द्यायला माझा विरोध नाही. ते वाक्य अजून कानात आहे, एवढंच.

---

पॅथॉलॉजीवाली

@पाऊसवेडी, तुमच्याशी जे वागले ते अतिशय वाईट वागले. चक्कर येणं हा कमकुवतपणा नाही. टोचण्याची भीती आणि थोडं रक्त कमी होणं या दोन्हींमुळे मेंदूकडून एक प्रतिक्षिप्त क्रिया होते, हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब एकदम उतरतो. वय कमी, वजन कमी, पहिलीच खेप आणि स्त्री असेल तर शक्यता जास्त. यातल्या निदान तीन गोष्टी तुम्हाला लागू होत्या, वर पोट रिकामं.

आणि हे बरंचसं टाळता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कृष्णाकाठताई, हे तुमच्या स्वयंसेवकांना तोंडपाठ हवं.

आदल्या रात्री नीट झोप. रक्त द्यायच्या आधी तीन-चार तासांत व्यवस्थित जेवण किंवा भरपेट नाश्ता. उपाशी माणसाला टेबलावर घ्यायचंच नाही. (आषाढी एकादशीला किंवा नवरात्रात शिबिर ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. निम्मे लोक उपासाचे असतात आणि संकोचानं सांगत नाहीत.) टेबलावर चढण्याआधी अर्धा लिटर पाणी, अगदी पंधरा-वीस मिनिटं आधी. ही साधी गोष्ट आहे, पण तिचा खरोखर उपयोग होतो. सोबत काहीतरी खारट.

रक्त जात असताना नुसतं पडून राहायचं नाही. पायावर पाय टाकून मांड्या, पोटऱ्या आणि पोटाचे स्नायू काही सेकंद आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. त्यानं पायांतलं रक्त वर ढकललं जातं आणि दाब टिकतो. स्वयंसेवकानं शेजारी उभं राहून हे करून घ्यावं. माणसाचं मनही सुईवरून हटतं.

झाल्यावर लगेच उठायचं नाही. आधी पडून, मग टेबलाच्या कडेला पाय सोडून बसून, मग खुर्चीत निदान पंधरा मिनिटं. पुष्कळ जण टेबलावर नाही तर सरबताच्या काउंटरपाशी किंवा जिन्यात पडतात. त्यामुळे सगळ्यात समंजस स्वयंसेवक खुर्च्यांपाशी बसवा. फोटो काढणारा नसला तरी चालेल.

तुम्हाला परत द्यावंसं वाटलं तर शिबिरात जाऊ नका, थेट रक्तपेढीत जा. गर्दी नसते, सांगून ठेवा की मागे चक्कर आली होती. चांगली पेढी तुमच्याकडे जास्त लक्ष देईल.

---

निळाई

माझं दुखणं वेगळं. मला द्यायचंय आणि मलाच परत पाठवतात.

तीन ठिकाणी गेले. बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात ना, तो बुडाला तर पास. माझा थेंब दर वेळी मध्येच तरंगत राहतो, मग हळूच वर येतो. समोरची बाई म्हणते, "हिमोग्लोबिन कमी आहे, पुढच्या वेळी या." बस. किती कमी, का कमी, काय करू, काही नाही. मागची रांग पुढे सरकते आणि मी पर्स उचलून बाहेर.

---

पॅथॉलॉजीवाली

@निळाई, तुम्हाला परत पाठवलं ते बरोबर, पण ज्या पद्धतीनं पाठवलं ते चूक. त्या निळ्या द्रावणाची घनता अशी ठेवलेली असते की शंभर मिलिलिटर रक्तामागे साडेबारा ग्रॅम किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असलेला थेंब बुडतो. आपल्याकडे साडेबाराची अट स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे तुम्ही एकट्या नाही, बहुसंख्येत आहात.

थेंब तरंगला म्हणजे फुकट तपासणी होऊन निदान मिळालं असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. पाळीत जास्त रक्त जातंय का, जंत आहेत का, थायरॉइड, बी-१२, लोहाचा साठा, हे बघितल्याशिवाय नुसती गोळी सुरू करू नये. खाण्यात अळीव, तीळ, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं. खात असाल तर मांस-मच्छी. जेवणावर लिंबू पिळा किंवा आवळा घ्या, लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवल्या जेवल्या चहा नको. आपल्या घराघरांतली ही सवय लोहाचं नुकसान करते.

हे नियमित दात्यांनाही सांगते. एका रक्तदानात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं. पाण्याचा भाग दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत, पण लोहाचा साठा भरायला महिने लागतात. म्हणूनच ते ९० आणि १२० दिवस. "मी दर दोन महिन्यांनी देतो" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर त्याला थांबवा.

---

पेढीवाला

@निळाई यांच्या प्रतिसादावर एक भर. परत पाठवलेल्या दात्याची आमच्याकडे नोंद होते आणि तिथेच विषय संपतो. तो माणूस आपल्या पायांनी, आपल्या इच्छेनं आलेला असतो. त्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? हिमोग्लोबिन किती आलं, कुणाला दाखवायचं, परत कधी यायचं, तीन ओळी. आमच्या पेढीत हे सुरू करून घ्यायच्या मागे लागतो.

---

तीन_आठवडे

मी बरीच वर्षं इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिचं शरीर स्वतः पुरेसं हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. पाच महिन्यांची असताना कळलं, आता दहावीत आहे. हिमोग्लोबिन उतरायला लागलं की ती आधी चिडचिडी होते, मग गप्प होते, मग जिना चढताना मध्ये बसते. रक्त चढवलं की दुसऱ्या दिवशी घर डोक्यावर घेते. जे लोक शिबिरात रक्त देऊन निघून जातात त्यांना हे कधी दिसत नाही, म्हणून सांगतेय.

हिशेब बघा. दर तीन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला सतरा वेळा. एक पुरुष वर्षाला जास्तीत जास्त चार वेळा देणार. म्हणजे लहानपणी, एका वेळी एक पिशवी पुरायची तेव्हासुद्धा, तिच्या एका वर्षासाठी पाच नियमित माणसं लागायची. आता वजन वाढलंय, दोन पिशव्या लागतात. दहा माणसं. दरवर्षी, आयुष्यभर. एकेकदाच देणारे असतील तर दरवर्षी चौतीस नवे लोक.

मे महिन्यात आम्हाला फोन येतो, "दाता घेऊन या". नियमानं आमच्याकडून बदली रक्त (घेतलेल्या पिशवीच्या बदल्यात दाता) मागायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण पेढीत शिल्लकच नसेल तर नियम दाखवून मी काय मिळवणार? मग मी फोन लावत सुटते. एकेकाळी पन्नास नंबर होते, आता त्यातले बरेचसे उचलत नाहीत. त्यांचंही चुकत नाही. किती वेळा मागायचं माणसानं?

जे परत परत येतात त्यांना मी ओळखतही नाही. पण तारीख ठरवून येणारा एक जण माझे दहा फोन वाचवतो.

---

कृष्णाकाठ

@तीन_आठवडे, तुमच्या लेकीला खूप आशीर्वाद. तुमची हरकत नसेल तर हा सतरा आणि चौतीसचा हिशेब मी शिबिराच्या दिवशी फळ्यावर लिहिणार आहे. मुलांना "रक्तदान श्रेष्ठदान" ऐकून ऐकून सवय झालीय. हा आकडा त्यांना कळेल.

---

तीन_आठवडे

जरूर लिहा. आणि थॅलेसेमिया मायनरच्या (स्वतःला त्रास नसतो, पण दोष मुलांत उतरू शकतो) तपासणीबद्दलही दोन शब्द सांगा ताई. लग्नाआधी दोघांची साधी रक्ततपासणी झाली असती तर आम्हाला आधीच कळलं असतं.

---

रोखठोक_नाशिक

सगळं पटलं, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. आम्ही रक्त फुकट देतो आणि खासगी दवाखान्यात त्याच पिशवीचे पैसे मोजावे लागतात. माझ्या भावाच्या ऑपरेशनला हे झालं. तेव्हापासून मी देणं बंद केलं. लोक दुसऱ्यांदा येत नाहीत त्याचं हेही कारण आहे, ते टाळून चालणार नाही.

---

पेढीवाला

टाळत नाही. राग रास्त आहे, आणि आम्ही तो समजावून घेत नाही हेही खरं.

रक्त विकायला कायद्यानं बंदी आहे. जे आकारतात ते प्रक्रियेचं शुल्क: पिशवी, पाच आजारांच्या चाचण्या, गट जुळवणं, घटक वेगळे करणं, शीतसाखळी, माणसांचे पगार. त्याची कमाल मर्यादा सरकारनं ठरवलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी पुन्हा एकदा सगळ्या राज्यांना कळवलं की प्रक्रिया शुल्काखेरीज काहीही घ्यायचं नाही. थॅलेसेमियासारख्या रुग्णांना तर रक्त मोफत द्यायचं असतं. कुणी जास्त घेतलं तर पावती मागा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. राज्य रक्त संक्रमण परिषदेकडेही करता येते.

पण दादा, तुम्ही देणं बंद केल्याचा तोटा त्या दवाखान्याला झालेला नाही. सरकारी किंवा विश्वासातल्या धर्मादाय पेढीत जाऊन द्या. कुठे द्यायचं हे तुमच्या हातात आहे.

---

जुनाजाणता

रोखठोक यांच्या मुद्द्याला धरून थोडं मागचं. आज पंचविशीतल्या मुलांना माहीत नसेल, पण आमच्या तरुणपणी रक्त विकणारी माणसं असत. मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास चहाच्या टपरीवर बसून राहायची, दलाल ठरलेले. खंगलेली, व्यसनी, पैशासाठी पंधरा-पंधरा दिवसांनी देणारी. त्यांचंही हाल, रुग्णाच्याही जिवाशी खेळ. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं पूर्ण बंद झालं. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणानं ऐच्छिक रक्तदानाचं उद्दिष्ट ठरवलं. ही व्यवस्था ऐच्छिक, नियमित दात्यांच्याच जिवावर उभी आहे. आपण मागे सरलो तर ती जागा रिकामी राहत नाही, दलाल परत येतात.

म्हणूनच शिबिरात हेल्मेट, मिक्सर, बॅगा वाटायला माझा सक्त विरोध आहे. वस्तूसाठी आलेला माणूस मागच्या महिन्यातली कावीळ सांगणार नाही. आणि पुढच्या वर्षी हेल्मेट नसेल तर येणारही नाही.

---

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १६ आठवड्यांनी देता येतं. दुसऱ्यांदा का गेलो, ते सांगतो. पहिल्यांदा दिल्यानंतर काही दिवसांनी फोनवर मेसेज आला की तुमचं रक्त अमुक हॉस्पिटलला पाठवलं आहे. रुग्णाचं नाव-गाव काही नाही, फक्त हॉस्पिटलचं नाव. माझ्या ऑफिसच्या वाटेवरचं हॉस्पिटल. त्या दिवशी बसमधून त्याच्याकडे बघत गेलो आणि संध्याकाळी पुढची वेळ नोंदवून टाकली. स्वीडनमध्येही रक्त वापरलं गेलं की दात्याला असा मेसेज जातो.

इथल्या आपल्या लोकांना एक सांगणं: भारतात जाऊन आलं की मलेरियामुळे काही महिने थांबावं लागतं. म्हणून मी दिवाळीला घरी जायच्या आधीची तारीख कधी सोडत नाही.

---

पेढीवाला

लेस्टरकर, हे आपल्याकडेही जमण्यासारखं आहे. प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो, ती कुठे गेली हे आम्हाला माहीत असतं, दात्याचा फोन नंबर अर्जावर असतो. कमी आहे ती फक्त मेसेज पाठवायची इच्छा. पहिल्यांदा देणाऱ्याला एवढा एक मेसेज गेला पाहिजे, बाकी कुणाला नाही गेला तरी चालेल.

---

कुडाळचा

मे महिन्याबद्दल आमच्या सिंधुदुर्गातून. मुंबई-पुण्यात रक्ताचा तुटवडा कारण माणसं गावाला जातात म्हणता ना? ती इथेच येतात! मे महिन्यात आमच्या वाड्या भरलेल्या असतात. चाकरमानी, त्यांची कॉलेजातली मुलं, सगळी धडधाकट. जत्रा-लग्नं चालू असतात. मग शिबिर गावात का नको? आम्ही आमच्या वाडीत मंडळातर्फे सुरू केलं. वर्षाला एकदाच गावी येणारी पोरंसुद्धा ठरवून येतात, कारण शेजारच्या घरातला चुलतभाऊ हाक मारतो. फलक लावून जे होत नाही ते या हाकेनं होतं.

अडचण एकच, पेढीचं पथक आणि अंतर. प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या तर सहा-आठ तासांत पिशवी पेढीत पोचावी लागते. म्हणून आम्ही सकाळी लवकर सुरू करतो, बाराच्या आत आटपतो. उनाचाही त्रास वाचतो.

---

बी_विंग_सचिव

आमच्या ठाण्याच्या सोसायटीचा अनुभव. आम्ही २६ जानेवारी, १ मे आणि गणपतीत अशी तीन शिबिरं ठरवली होती. पुरुष आले, बायका परत गेल्या! कारण २६ जानेवारी ते १ मे होतात ९५ दिवस, आणि स्त्रियांना १२० लागतात. उत्साहानं आलेल्या बायकांना दारातून परत पाठवणं फार जिवावर आलं. मग "पहिला रविवार, दर चार महिन्यांनी" असं करून पाहिलं, तर तोही कधी कधी ११९ दिवसांवर येतो. एक दिवस कमी!

मग सरळ दर १८ आठवड्यांनी रविवार धरला. १२६ दिवस, सगळ्यांना चालतं. २०२६ चं कॅलेंडर घेऊन बघा: ११ जानेवारी, १७ मे, २० सप्टेंबर, आणि पुढचा २४ जानेवारी २०२७. मे महिनाही त्यात आपोआप आला. तारखा लिफ्टमध्ये चिकटवल्या आहेत आणि रक्त दिल्या दिल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पुढची तारीख तिथेच टाकून घेतो. खुर्चीत पंधरा मिनिटं बसायचंच असतं, एका हातात पार्ले-जी, दुसऱ्या हातात फोन. घरी गेल्यावर कुणी टाकत नाही.

---

परळ_नाका

एक अपवाद नोंदवतो. ज्यांचा गट अतिदुर्मिळ आहे त्यांनी दर शिबिरात द्यायची घाई करू नये. बॉम्बे ब्लड ग्रुप, जो १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, तो नेहमीच्या चाचणीत ओ गटासारखाच दिसतो. पण या लोकांना दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं, ओ निगेटिव्हसुद्धा नाही. त्यांनी दुर्मिळ गटाच्या यादीत नाव नोंदवून फोन लागेल असं राहणं हेच त्यांचं नियमित रक्तदान. पहिल्यांदा दिलेल्या रक्ताच्या सखोल तपासणीत हा गट सापडतो, हेही पहिल्यांदा देण्याचं एक कारण.

---

पाऊसवेडी

परत लिहिते. पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टर, तुमचा प्रतिसाद घरी आईला वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात पेढीत जाऊन नुसतं बघून यायचं ठरवलंय. देईन की नाही ते तिथे गेल्यावर.

---

पॅथॉलॉजीवाली

नुसतं बघून आलात तरी उत्तम. पोटभर जेवून मात्र जा!

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या स्वयंसेवकांशी बसून हे ठरवलं:

शिबिर वर्षाला एकदाऐवजी दर १८ आठवड्यांनी, आकार लहान. परीक्षेचा काळ आला तर मुलांना गटागटानं जवळच्या पेढीत घेऊन जायचं. उपाशी कुणी नाही. नाश्ता रक्त देण्याच्या आधी, नुसत्या नंतरच्या सरबत-बिस्किटांवर भागवायचं नाही. पाण्याची बाटली रांगेतच हातात. चक्कर आली तर पडदा, आणि मोबाइल बाहेर काढणाऱ्या पोराला शिबिराबाहेर. परत पाठवलेल्यांना चिठ्ठी.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक जुन्या दात्याकडे पहिल्यांदा आलेले पाच जण. तो त्यांना शिबिराच्या आठवडाभर आधी फोन करणार. ग्रुपवर मेसेज नाही, फोन. पदवी घेऊन मुलं पुण्या-मुंबईला गेली तरी हा फोन चालू राहील, फक्त "तुझ्या जवळच्या पेढीत जा" एवढं बदलेल. पेढी सरकारच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर शोधता येते, साठाही दिसतो. माजी विद्यार्थ्यांच्या यादीपासून या आठवड्यात सुरुवात करतोय.

पेढीवाले दादा, मुलांना फोनवर विचारायचे प्रश्न सांगाल का? कुणी लांबून प्रवास करून येतं आणि टॅटूमुळे परत जातं, असं व्हायला नको.

---

पेढीवाला

नक्की. फोनवर एवढं विचारायला सांगा: मागचं रक्तदान कधी झालं. वजन ४५ किलोच्या वर आहे का. वर्षभरात टॅटू किंवा कान-नाक टोचणं, असेल तर १२ महिने थांबा. टायफॉइड होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून १२ महिने, डेंगीनंतर ६ महिने, मलेरियानंतर ३ महिने. सहा महिन्यांत दात काढलाय का किंवा लहान ऑपरेशन, किंवा वर्षभरात मोठं ऑपरेशन झालंय का. अँटिबायोटिक चालू आहे का. मुलींना पाळी चालू असेल तर तेवढे दिवस टाळू दे. बाळंतपणानंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असेपर्यंत नाही.

रक्तदाबाची गोळी चालू असलेले शिक्षकही येतात. त्यांना सरसकट नाही म्हणू नका. महिनाभरात गोळी किंवा मात्रा बदललेली नसेल आणि दाब आटोक्यात असेल तर चालतं. मधुमेहात गोळ्यांवर असलेल्यांनाही तसंच, इन्सुलिनवर असलेल्यांना मात्र नाही. शेवटचा निर्णय पेढीतल्या डॉक्टरांचा, हे प्रत्येक फोनवर सांगा.

पहिली यादी झाली की मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. कुठल्या गटाचे किती आहेत ते बघून कुणाला मेमध्ये बोलवायचं आणि कुणाला सप्टेंबरात, ते आपण बसून लावू.